गच्चीवरचा शंकू: सोलापुरातल्या एका वर्षाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४

काम एवढंच: शाळेच्या गच्चीवर १ मीटर उंचीचा शंकू (सावली मोजायचा उभा खांब) उभारायचा, मध्यान्हीच्या, म्हणजे सूर्य दिवसातला सर्वांत उंच असतानाच्या, सावलीची खूण वर्षभर फरशीवर नोंदवायची आणि त्या खुणांवरून पृथ्वीच्या अक्षाचा कल मोजायचा. पृथ्वीगोल आणि बल्ब घेऊन ऋतू दाखवता येतात, मोजता येत नाहीत. फरशीवर पट्टी लावली की मोजता येतात.

सोलापूर १७.६६° उत्तर, ७५.९१° पूर्व. यावरून १ मीटर शंकूची मध्यान्हीची सावली आधीच काढून ठेवली: २१ डिसेंबरला उत्तरेकडे ८७.२ सेंमी, विषुवदिनी उत्तरेकडे ३१.८, २१ जूनला दक्षिणेकडे १०.१. म्हणजे दक्षिणोत्तर ९७ सेंमीचा पट्टा सपाट हवा. दुसऱ्या गावी करणाऱ्यांनी डिसेंबरसाठी अक्षांशात २३.४४ मिळवायचे, जूनसाठी वजा करायचे, आणि येईल त्या कोनाचा टॅन घ्यायचा.

जागा निवडताना सप्टेंबरचा सूर्य बघून फसू नका. आज मोकळी दिसणारी जागा डिसेंबरात झाडाच्या सावलीत जाते. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून दक्षिणेकडे ४९° वर काय आहे ते पाहिलं, तर पाण्याची टाकी आडवी आली. जागा चार मीटर पूर्वेला सरकवली.

८ सप्टेंबर

पहिली चाचणी नुसत्या पाइपची. २५ मिमी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, वरचं तोंड बंद. सावलीचं टोक कुठे संपतं हेच ठरेना. दोघांनी स्वतंत्रपणे खूण केली तर ७ मिमीचा फरक. दोष डोळ्यांचा नाही. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे, त्यामुळे टोकापाशी काळ्या सावलीचा करडा होत जातो. आज तो करडा पट्टा जेमतेम १ सेंमी आहे. डिसेंबरात किरण तिरपे झाले की हिशेबाने १६ मिमी होईल. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास आठवड्याला सावली तीन-चार सेंमी हलते, तिथे १६ मिमीचा धूसरपणा म्हणजे काम बाद.

उपाय जुनाच: टोकाऐवजी भोक. वर आडवी तबकडी, मध्ये भोक, आणि खाली पडणाऱ्या कवडशाचा मध्य टिपायचा. कवडसा गोल किंवा लंबगोल असतो, त्याचा मध्य डोळा १–२ मिमीत बरोबर पकडतो.

१० सप्टेंबर

तबकडी चुकली. वर्कशॉपमध्ये हाताला आलेली ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी कापून त्यात ५ मिमी भोक पाडून आणलं. मध्यान्हीला कवडसा उत्तम, सकाळी दहाला मात्र नावापुरता. भोक हे भोक न राहता नळी झालं होतं. किरण ३५° तिरपा आला की ५ मिमी जाडी त्यातला साडेतीन मिमी अडवते. डिसेंबरात तर भर दुपारी ५ पैकी ४.४ मिमी अडलं असतं, आणि हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं असतं. १५० रुपये आणि दोन दिवस गेले.

नवी तबकडी ०.८ मिमी पत्र्याची, १० सेंमी व्यासाची. तबकडी मोठी हवी ती कवडशाभोवती पुरेसा अंधार राहावा म्हणून. भोकं तीन मापांची करून पाहिली. ३ मिमीचा कवडसा दुपारच्या उजेडात फिका पडतो, ८ मिमीचा ठळक पण पसरट. ५ मिमी ठेवलं. भोकाच्या कडेची बर (भोक पाडताना उरलेली धारदार कोर) कानसून काढा, नाहीतर कवडसा एका बाजूला चेपलेला दिसतो.

१३ सप्टेंबर

आणखी एक चूक वेळेवर दिसली. तबकडी थेट पाइपच्या डोक्यावर बसवली तर मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना, कवडसा पाइपच्या बुडाशीच पडणार, म्हणजे दिसणारच नाही. वर्षातला सगळ्यात मोलाचा दिवस हातचा गेला असता. म्हणून पाइपला ३० सेंमीचा आडवा हात वेल्ड करून घेतला आणि तबकडी त्याच्या टोकाला लावली.

पाइप कुठल्या बाजूला? दक्षिणेला. पूर्वेला किंवा पश्चिमेला लावला तर संध्याकाळचा किंवा सकाळचा किरण अडतो. दक्षिणेकडे कवडसा फार तर १० सेंमी जातो, पाइप ३० सेंमीवर, त्यामुळे आड येत नाही.

गच्चीला भोक पाडायचं नाही ही अट होती, आणि ती रास्तच आहे, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालचा वर्ग गळतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा घेतला, पाइप मधोमध उभा केला आणि काँक्रीट भरलं. ओला डबा हलवताना पाइप कलतो, तेव्हा तो जिथे ठेवायचा तिथेच भरा.

१९ सप्टेंबर

फरशी बसली. मधले पाच दिवस वाया गेले, अनंत चतुर्दशी (१७ तारीख) उलटेपर्यंत गवंडी मिळाला नाही.

गच्ची सपाट दिसते, पण नसते. पाण्याच्या निचऱ्यासाठी तिला ढाळ दिलेला असतो. लेव्हलच्या नळीने मोजला तर मीटरला १ सेंमी, नेमका उत्तरेकडे. इतक्या ढाळावर डिसेंबरची ८७ सेंमीची सावली जवळजवळ ८ मिमी जास्त भरली असती. सावलीची ही सगळ्यात मोठी चूक, आणि बहुतेक जण ती जमेतच धरत नाहीत.

चार शहाबादी फरशा, दोन बाय दोन फूट, एकत्र करून १२२ सेंमीचा चौरस. खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे उद्या उचलायचं झालं तर चायना मोझॅकला धक्का लागणार नाही. त्यावर एकास सहा सिमेंट-कच, दक्षिणेला पातळ, उत्तरेला १२ मिमीने जाड. पाणसळ एका फरशीला पुरते, चारींचा मेळ नळीनेच घ्या. शेवटी चार कोपऱ्यांतला फरक १ मिमीच्या आत आला.

गुळगुळीत बाजू वर ठेवू नका. तिच्यावर आभाळाचं प्रतिबिंब चमकतं आणि कवडसा हरवतो. खरबरीत बाजू वर.

भोकाची उंची फरशीपासून १००० मिमी, ओळंब्याने मोजून. भोकाच्या थेट खाली, दक्षिण कडेपासून २० सेंमीवर, पितळी स्क्रू बसवला. हा मूळबिंदू. पुढची सगळी मापं इथून.

आतापर्यंतचा खर्च: पाइप ३८०, हात आणि वेल्डिंग ३००, पत्रा ४०, फरशा वाहतुकीसह ५२०, सिमेंट-कच ३५०, गवंडी अर्धा दिवस ७००. एकूण २२९० रुपये. वाया गेलेली पट्टी वेगळी.

२१ सप्टेंबर

उत्तर दिशा. होकायंत्र वापरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. स्लॅबमध्ये गज आहेत, शेजारी जीआय पाइप आहे. फरशीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं की सुई ६° फिरते. फोनमधलं होकायंत्रही असंच.

मग वर्तुळाची पद्धत, कात्यायन शुल्बसूत्रात दिलेली. मूळबिंदूभोवती ५०, ५५, ६० सेंमी त्रिज्येची वर्तुळं काढली. सकाळी कवडसा वर्तुळ ओलांडून आत येतो तिथे खूण, दुपारी बाहेर जातो तिथे खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, तिचा लंब दक्षिणोत्तर. ६० सेंमीच्या वर्तुळाची वेळ साधारण १०:३५ आणि १४:०२. तीन वर्तुळं घ्यायची कारण एखादी खूण ढगाने हुकतेच. आजही ५५ची दुपारची हुकली.

२२ सप्टेंबर, विषुवदिन

आज कवडशाची वाट सरळ रेघ असते. बाकी वर्षभर ती वक्र असते, हिवाळ्यात उत्तरेकडे वाकलेली, उन्हाळ्यात दक्षिणेकडे. सव्वादहा ते दोन, दर पंधरा मिनिटांनी खूण, आणि शेवटी दोरा ताणला. सगळ्या खुणा दोऱ्याच्या २ मिमी आत. कालच्या पूर्व-पश्चिम रेषेशी फरक ०.३°. दोन वेगळ्या पद्धती इतक्या जुळल्यावर दक्षिणोत्तर रेषा पक्की केली.

मध्यान्हीचं अंतर ३१७ मिमी. हिशेबाचे ३१८ येत नाहीत कारण विषुवक्षण आज संध्याकाळी ६:१४ला आहे, दुपारी सूर्य अजून किंचित उत्तरेलाच होता. फरशीवर आकडा कोरताना तारखेबरोबर सालही लिहिलं.

६ ऑक्टोबर

रोज कुठल्या वेळेला खूण करायची यावर गोंधळ झाला आणि दोन आठवड्यांच्या खुणा बाद झाल्या. काहींनी दुपारी १२ला खुणा केल्या. घड्याळाचे १२ म्हणजे मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्वेची. सोलापूर तिच्या ६.५९° पश्चिमेला, पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं, म्हणून आपली सरासरी मध्यान्ह १२:२६:२२ला. या दिवसांत बारा वाजता कवडसा रेषेच्या सात-साडेआठ सेंमी पश्चिमेला असतो.

इतर गावांसाठी: नागपूर १२:१३:४०, कोल्हापूर १२:३३, पुणे १२:३४:३०, पणजी १२:३४:४०, मुंबई १२:३८:३० (मिनिटाच्या काही सेकंदांचा फरक पेठेगणिक पडेल). एकाच राज्यात नागपूर आणि मुंबईची दुपार पंचवीस मिनिटांच्या अंतराने होते.

आता दोन खुणा ठरवल्या. रोज नव्हे, आठवड्यातून एकदा:
– कवडसा दक्षिणोत्तर रेषेवर येईल तेव्हाचं अंतर आणि घड्याळाची वेळ;
– बरोबर १२:२६:२२ला कवडसा जिथे असेल तिथे ठिपका.

कवडसा मिनिटाला ४ ते ५ मिमी सरकतो. दहा सेकंद इकडेतिकडे चालतात, एक मिनिट चालत नाही. भिंतीवरचं घड्याळ नको, फोन घ्या.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या साफसफाईत गच्ची घासून धुतली गेली. ऑइलपेंटने केलेले ४, ११ आणि १८ तारखेचे ठिपके ब्रशखाली साफ. अंतरं वहीत होती म्हणून ती वाचली, ठिपके गेले. १८० रुपयांचा रंगही फुकट.

छिन्नीने कोरून पाहिलं तर शहाबादीचा पापुद्रा सुटला. टाइल कापायच्या कटरचं कार्बाइडचं टोक चाललं: हलक्या हाताने अधिकचं चिन्ह ओरखडायचं आणि त्यात पांढरं सिमेंट भरायचं. आजपासून हीच पद्धत. रंग पहिल्याच दिवसापासून टाळा.

३ नोव्हेंबर

१२:२६:२२चा ठिपका रेषेच्या ८.२ सेंमी पूर्वेला. कवडसा रेषेवर आला होता १२:१०लाच. वर्षातली ही सगळ्यात मोठी आघाडी, सव्वासोळा मिनिटांहून किंचित जास्त. शंकू सरकला असावा असं आधी वाटलं, ओळंबा लावून पाहिला, स्क्रूवर बरोबर होता. चूक आपली नाही. पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांमुळे खरी मध्यान्ह घड्याळाच्या मागेपुढे होते. वर्षभराचे ठिपके जोडले की इंग्रजी आठ तयार व्हायला हवा. आपला आठ उत्तरेकडे जाड आणि दक्षिणेकडे बारीक असेल.

याचाच एक परिणाम लोकांना रोजच्या व्यवहारात जाणवतो, पण कारण ठाऊक नसतं. सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरचा, पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या तिसऱ्या. उत्तरायण लागलं तरी सकाळचा अंधार हटत नाही, तो यामुळे.

२१ डिसेंबर

८७.३ सेंमी. अपेक्षित ८७.२. वेळ १२:२४:३०.

आजचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ११ तास ४ मिनिटांचा. जूनचा मोठा दिवस १३ तास ११ मिनिटांचा असेल. दोन तासांचा फरक, आणि शिवाय दुपारचा किरण ४१° तिरपा. तिरपेपणामुळे तेवढंच ऊन जास्त फरशीवर पसरतं, चौरस फुटाला ७५ टक्के पडतं. थंडीची ही दोन कारणं पुरेशी आहेत.

पडताळा म्हणून दोन सारखे पत्रे काळे रंगवून एक आडवा, एक दक्षिणेकडे ४१° उभा करून ठेवला. पहिल्यांदा दोन्ही सारखेच तापले, वारं होतं. वर काच ठेवून पुन्हा केलं तर अर्ध्या तासात तिरपा पत्रा पाच अंशांनी जास्त गरम. काचेशिवाय हा प्रयोग करू नका.

आज सावली सगळ्यात लांब असली तरी "आजच" असं फरशीवरून म्हणता येत नाही. आधीचे आणि नंतरचे पाच दिवस धरले तरी फरक ३ मिमीच्या आत. सूर्य अयनबिंदूजवळ, म्हणजे जिथून तो मागे वळतो तिथे, जणू थबकतो.

४ जानेवारी २०२५

आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर असेल. "जवळ आली की उन्हाळा" हा समज खोडायला याहून चांगला दिवस नाही, सोलापुरात सकाळी स्वेटर आहेत.

सूर्य जवळ म्हणजे तबकडी मोठी दिसायला हवी. कवडसा मोजला तर काहीच कळेना. बरोबरच आहे, १ मीटरवर फरक ०.३ मिमीचा, आणि भोक ५ मिमीचं. मग लांबून करायचं ठरवलं. छोट्या आरशावर ५ मिमी भोकाचा कागद चिकटवून, आरसा खिडकीत ठेवून, अंधाऱ्या सभागृहाच्या भिंतीवर बरोबर ८ मीटरवर प्रतिमा पाडली. आरसा हाताने धरता येत नाही, वाळूच्या पिशवीत रुतवला. प्रतिमा भिंतीवर सतत सरकते, म्हणून कडा पेन्सिलने दोघांनी एकदमच टिपायच्या. दहा मापांची सरासरी ७६ मिमी. जुलैत पुन्हा. (आरशाची तिरीप कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही हे आधी बघा. भोकातून सूर्याकडे तर कधीच बघू नका.)

१४ जानेवारी

संक्रांत. गावात सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. गच्चीवर सावली ८०.९ सेंमी, म्हणजे २१ डिसेंबरपेक्षा ६.४ सेंमीने आखूड झालेली.

शंकूच्या हिशेबाने उत्तरायण चोवीस दिवसांपूर्वीच सुरू झालं. संक्रांत म्हणजे निरयन पद्धतीने (ताऱ्यांच्या संदर्भाने) सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि निरयन व सायन (विषुवबिंदूपासून मोजलेली) यांत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू झुलतो म्हणून ते पडलं. सण चुकलेला नाही आणि फरशीही चुकलेली नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. वर्गात हे सांगायला ८७.३ आणि ८०.९ हे दोन ओरखडे पुरतात.

२२ जानेवारी

परिवलनाचा खरा काळ मोजायची ही जोडमोजणी. १५ तारखेला व्याधाचा तारा टाकीच्या कडेमागून २१:१४:१०ला बाहेर आला. आज तोच, त्याच जागेवरून, २०:४६:५०ला. सात दिवसांत २७ मिनिटं २० सेकंद, म्हणजे रोज ३ मिनिटं ५४ सेकंद लवकर. खरा आकडा ३ मिनिटं ५६ सेकंद. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांतच फिरते, उरलेली चार मिनिटं ती सूर्याभोवती पुढे सरकलेली असते म्हणून लागतात.

पहिल्या प्रयत्नात दोन मिनिटांची चूक आली होती. डोकं एक सेंमी हललं तरी तारा आधी किंवा नंतर दिसतो. कठड्याला तारेने वॉशर बांधून त्याच्या भोकातूनच पाहिलं, मग जमलं.

११ फेब्रुवारी

ठिपका आता पश्चिमेच्या टोकाला, ७.१ सेंमी. कवडसा रेषेवर १२:४०:३५ला. नोव्हेंबरपेक्षा अर्ध्या तासाने उशिरा.

२० मार्च, विषुवदिन

अपेक्षा ३१.९, आले ३२.३. चार मिमीचा फरक सोडून देण्यासारखा नाही. ओळंबा लावला, स्क्रूपासून साडेतीन मिमी उत्तरेला. डब्याचं बूड गंजून एका बाजूने बसलं होतं. शेवटची तपासणी २१ फेब्रुवारीची, म्हणजे मधल्या तीन नोंदींवर भरवसा नाही. वहीत त्यांच्यापुढे फुली मारली, दुरुस्त करून घेतल्या नाहीत. कधी सरकला हेच माहीत नाही, तर किती वजा करणार?

डब्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा ठेवून पुन्हा सरळ केला. यापुढे प्रत्येक नोंदीआधी ओळंबा. एक मिनिट लागतं.

आता सावली भराभर पळते. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत १ सेंमी आखूड झाली होती, या दहा दिवसांत साडेसात. वेळ काढून एकच प्रयोग करायचा असेल त्यांनी मार्च किंवा सप्टेंबर निवडावा.

१० मे, शून्य सावली

१२:२२:४६ला कवडसा पितळी स्क्रूवर. पाइपची सावली पाइपखाली. गच्चीवरच्या बाटल्या, डबे, खुर्चीचे पाय, कुणालाच सावली नाही. पुण्याला हा दिवस १३ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेकडून जातं, त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यात सगळीकडे हा दिवस वर्षातून दोनदा येतो. दिल्लीला एकदाही नाही.

तारीख एका दिवसाने हुकली तर फार बिघडत नाही, कवडसा साडेचार मिमीच दूर पडतो. वेळ हुकली तर बिघडतं. बारा वाजता बघायला आलेल्यांना दहा सेंमी सावली दिसते आणि ते निघून जातात.

२४ जून

२१ला ढग, २२ला ढग, २३ला पाऊस. यंदा मोसमी पाऊस मुंबईतच २६ मेला पोचला, त्यामुळे मेअखेरीपासून वहीत पानंच रिकामी. आज १२:२८:४०च्या सुमाराला ऊन पडलं, दक्षिणेकडे १०.० सेंमी. तीन दिवसांच्या उशिराने फरक अर्ध्या मिमीचा, चालतो.

ज्यासाठी वर्ष घातलं तो हिशेब आता करता येतो. डिसेंबरचा कोन: ०.८७३चा व्यस्त टॅन, ४१.१२°. जूनचा: ०.१००चा, ५.७१°, विरुद्ध बाजूला. बेरजेचं निम्मं २३.४२°, हा अक्षाचा कल. वजाबाकीचं निम्मं १७.७०°, हा सोलापूरचा अक्षांश. खरे आकडे २३.४४ आणि १७.६६. नकाशा न बघता, दोन मापांत, अंशाच्या काही शतांशांपर्यंत बरोबर.

९ जुलै

सूर्यापासूनचं सर्वांत दूरचं ठिकाण ४ तारखेला होऊन गेलं, त्या दिवशी आभाळ भरलेलं. आज पाऊण तास मिळाला. ८ मीटरवर प्रतिमा ७३.५ मिमी, जानेवारीत ७६. हिशेबाने फरक अडीच यायला हवा, तेवढाच आला. लांबचा सूर्य लहान दिसतो, तरीही दिवस तेरा तासांचा आणि सूर्य डोक्याजवळ.

२ ऑगस्ट, दुसरी शून्य सावली

कवडसा पुन्हा स्क्रूवर, या वेळी १२:३२:३६ला, मेपेक्षा दहा मिनिटं उशिरा. सूर्य त्याच जागी, दिवसाची लांबी जवळपास तीच. हवा मात्र तीच नाही. सोलापूरचं मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान चाळिशीच्या घरात, ऑगस्टचं एकतिशीच्या. मधल्या काळात ढग आले, जमीन भिजली.

ज्यांना ही फरशी "हवामान" शिकवायला वापरायची आहे त्यांनी इथे सावध राहावं. शंकू ऋतू दाखवतो, हवामान नाही. महाबळेश्वर सोलापूरच्या पाव अंशच उत्तरेला आहे, तिथे असाच शंकू लावला तर वर्षभराचे आकडे अर्ध्या-पाऊण सेंमीच्या फरकाने हेच येतील. पण तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे सातशे-साडेसातशे. तो फरक सह्याद्रीने केला आहे, अक्षाच्या कलाने नाही. एक खोली, एक दिवा, आणि मध्ये उभी भिंत.

२२ सप्टेंबर

सव्वाबाराच्या पुढे ढगांतून चारेक मिनिटं ऊन मिळालं. ३१५ मिमी. मागच्या वर्षी याच तारखेला ३१७.

आधी ओळंबा, बरोबर. मग नळी, फरशी जागेवर. मग वही. मागच्या वर्षी विषुवक्षण संध्याकाळी ६:१४ला होता, यंदा रात्री ११:४९ला. वर्ष ३६५ दिवसांत संपत नाही, पाव तास कमी सहा तास वर जातात असं ढोबळ म्हणता आलं असतं, पण नेमकं ५ तास ४९ मिनिटं सरासरीने जातात. यंदा ५ तास ३५ मिनिटं गेले. तेवढ्या वेळात सूर्य दक्षिणेकडे जायला हवा होता तो अजून गेला नाही, म्हणून कवडसा हिशेबाने १.७ मिमी आत. आपलं माप १ मिमीपर्यंतच खरं, तेव्हा याला पुरावा म्हणत नाही, पण दिशा बरोबर आहे.

दुसरी एक गोष्ट वहीतून मोजली. सप्टेंबर ते मार्च विषुवदिन १७९ दिवस, मार्च ते सप्टेंबर १८६. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असते तेव्हा वेगाने जाते, म्हणून थंडीची बाजू सात दिवसांनी लवकर उरकते.

पुढच्या दोन वर्षांत हा ओरखडा आणखी दक्षिणेला सरकेल आणि २०२८च्या २९ फेब्रुवारीनंतर परत येईल. जागा सोडून ठेवली आहे. पत्र्याची तबकडी भोकाच्या कडेने गंजायला लागली आहे, ती ॲल्युमिनियमची करून घ्यायची, भोकाचं माप ५ मिमीच.